मातेच्या चढावर डावा पाय

नवेगाव बांध, १९४५

प्रिय बकारामदादा,

तू तिकडं आसामात फौजेची लॉरी हाकायले गेला अन् इथं तुझी मोटार मी मारून राहिलो. मालक यादोराव शेट रोज म्हणते, कवडू, तू गाडी चालवत नाहीस, भाजतोस. खोटं नाही ते. मातेच्या चढावर पोचलो की क्लचच्या जळक्या वासानं बाया नाकाले पदर लावतात.

आपल्याकडची रीत तुले माहीतच आहे. चढाच्या मधोमध मातेचा दगड. तिथं हरेक गाडीनं थांबायचं, उतारूंनी डहाळी वाहायची, पण इंजिन बंद पडू द्यायचं नाही. पडलं तर माता रुसली. त्या धाकानं मी अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरतो, ना पुढं ना मागं. वर लोकं हात जोडून राहिले अन् खाली क्लचची प्लेट झिजून राहिली. तू गिअर काढायचास, हातब्रेक ओढायचास, डावा पाय पेडलवरून उचलून मोकळा खाली ठेवायचास. निघताना क्लच हळूहळू सोडायचास, इंजिनाचा आवाज जड झाला की मगच ब्रेक सोडायचास. बाजूले बसून मी सारं पाहिलं, पण मले हातब्रेकाचा भरोसाच नाही. त्यात लढाईपायी पेट्रोल नाही, गाडी कोळशाच्या गॅसवर, जोर कायले राहीन? अन् नवी प्लेट नागपुरातही मिळत नाही.

शेटनं कुठूनशी एक जुळवून ठेवली आहे. पण म्हणते, ती बकाराम आल्यावर टाकू, तुझ्या पायाले जुनीच पुरे. मायही येईल त्याले सांगते, माझ्या बकारामचा डावा पाय फुलावानी पडते. वहिनीनं तू गेल्यापासून शिंक्यात नारळ ठेवला आहे. तू मोटार घेऊन चढावर येशील तवा फोडीन म्हणते.

परवा सडक अर्जुनीवरून तुझ्या फौजेतला छोटेलाल माझ्या गाडीत बसला. तू आहेस त्याच फौजी इस्पितळातून सुटून आला. मातेपुढं गाडी तोलून धरली होती, तवा त्यानं कानात सांगितलं, "बकारामचा डावा पाय कापला, मांडीतून. घरी सांगू नको म्हणते. अन् घरी येतही नाही म्हणते."

माझा पाय पेडलवरून सुटला. इंजिन बंद पडलं. लोकं म्हणाले, माता रुसली.

शेटले सांगून आलो, ती प्लेट आता टाकून घ्या, वाट नका पाहू. काऊन, असं त्यानं विचारलं. मी तसाच घराकडं निघालो. घरी आलो तर वहिनी नारळ कानाशी हालवून पाहून राहिली होती. पाणी आटलं, म्हणाली, नवा आणून द्या भाऊजी. मी आणून दिला.

आता मी मातेपुढं हातब्रेक ओढतो. गाडी जागची हालत नाही, इंजिनही चालू राहते. तुझ्यावानी डावा पाय खाली टेकवतो, तवा मात्र लाज वाटते. शेट तुले गाडी देणार नाही, माय रडन, ते काही चुकणार नाही. पण आपल्या पायाचं तुले आपल्या हातानं लिहायचं काम पडू नये, म्हणून हे लिहिलं. मले माहीत आहे. ये.

तुझाच, अजून बाजूच्या सीटवरचा,
कवडू