डाव्या कोपऱ्यातले गोल

३ ऑगस्ट
नवा सीझन! देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये आपला क्लब पहिल्यांदाच, आणि मी त्याचा तिसरा गोलकीपर. 'तिसरा' हा शब्द फसवा आहे. पहिला दुखावला, दुसरा ढेपाळला, की मीच. कोचनी बजावलं, टीम लीगमध्ये टिकली तर सगळे राहतील, खाली घसरली तर पहिली कात्री तिसऱ्या कीपरवर. टिकणार म्हणजे काय, पहिल्या पाचात येणार.
संकल्प : रोज पहाटे धावणे. गोड बंद. डाव्या गुडघ्याबद्दल कोणाजवळ ब्र काढायचा नाही.

११ ऑगस्ट
धावलो नाही. पहाट फारच लवकर होते.
प्रॅक्टिस संपली की स्ट्रायकर मंडळींना शूटिंगसाठी कीपर लागतो. पहिल्या दोघांना जपायचं असतं, म्हणून मी थांबतो. बुलेट (आमचा मुख्य स्ट्रायकर. वय कमी, माज जास्त) सगळे बॉल माझ्या डाव्या कोपऱ्यात खालून मारत होता. सगळे आत. तिकडे झेप घेतली की गुडघा बोंब मारतो, म्हणून मी नुसता बघतो. पोरगा जाम खूश. स्ट्रायकरचा आत्मविश्वास वाढवणं हीसुद्धा सेवाच.

६ सप्टेंबर
अजून एकही मॅच जिंकलो नाही. बुलेटचा एक गोल नाही. प्रॅक्टिसमध्ये मात्र पोत्याने! कोच म्हणाले, पोरं दडपण घेतात, शूटिंग दुप्पट करा. म्हणजे मी दुप्पट.
सासऱ्यांचा फोन. खेळवलं का, एवढाच प्रश्न. म्हटलं, मी पडद्यामागचा माणूस आहे. ते म्हणाले, टीव्हीवर पडदा दिसत नाही.

२२ ऑक्टोबर
टेबलात तळाला. गोलची जाळी डाव्या कोपऱ्यात पुन्हा फाटली. हल्ली कसला माल देतात! क्लबकडे तक्रार केली.

१५ नोव्हेंबर
बायको न्यायला आली होती. कुंपणाशी उभी राहून प्रॅक्टिस बघत होती. गाडीत बसताच विचारलं, ते सगळे एकाच बाजूला का मारतात? म्हटलं, तुला फुटबॉल कळत नाही. ती म्हणाली, मला तुझा गुडघा कळतो.
घरी येऊन दोन पेढे खाल्ले. टेन्शन होतं.

९ जानेवारी
बेंचवर! पहिल्याचं बोट मोडलं. बिचारा. (मनापासून लिहितोय.) क्लबचं जाकीट घालून आरशासमोर बराच वेळ उभा होतो. हरलो, पण सासऱ्यांना टीव्हीवर माझी कोपरं दिसली.

१ मार्च
या लीगचे कीपर भलतेच नशीबवान. बुलेट मारायच्या आधीच डाव्या कोपऱ्यात जाऊन पडलेले असतात. चौकशी व्हायला हवी.

२ मार्च
झोप नाही. जाळी. बायको. कीपर.
छे! माझा काय संबंध?

१२ मार्च
संबंध आहे. मी डावीकडे सोडत गेलो, पोराला तोच कोपरा सवयीचा झाला, आणि बाकीच्या कीपरना ते कळलं. कोचना सांगितलं तर गुडघा उघडा पडणार, कॉन्ट्रॅक्ट गेलं. नाही सांगितलं तर टीम जाणार, कॉन्ट्रॅक्ट गेलंच. बायको म्हणते, आजच सांग. सांगणार. पुढची मॅच होऊ दे.

४ एप्रिल
पुढची मॅच झाली, त्याच्या पुढचीही झाली. कोचना नाही, पण आज बुलेटलाच बाजूला घेतलं. म्हटलं, जरा उजवीकडे मारून बघ. तो म्हणाला, दादा, उजवीकडे तू एकही सोडत नाहीस, तुझ्यासमोर हिंमतच होत नाही.
हिंमतच होत नाही! इतकं बरं वाटलं की मूळ मुद्दा राहून गेला.

१८ मे
शेवटची मॅच. जिंकलो तर टिकलो. बरोबरी, आणि अगदी शेवटी आम्हाला पेनल्टी. बॉल ठेवून बुलेटने बेंचकडे बघितलं, थेट माझ्याकडे, आणि अंगठा दाखवला. मी उठलो. 'उजवीकडे' एवढंच ओरडायचं होतं. घशातून हवा आली. त्याने डावीकडे मारला. कीपर तिथे अंथरूण घालून बसला होता.
संपलं सगळं. कोच ड्रेसिंग रूममध्ये भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी शॉवर सुरू करून रडलो.

२१ मे
सामान आणायला गेलो. अपेक्षेप्रमाणे मला नारळ. मैदानावर बुलेट एकटाच. म्हणाला, दादा, एक शेवटचा, होऊन जाऊ दे. उभा राहिलो. डावीकडे, खालून. काय झालं कळलं नाही, मी झेपावलो. बॉल हातात! गुडघ्यातून काडी मोडल्यासारखा आवाज.
बुलेटने आडवा पडलेल्या माझ्या हातातून बॉल काढून घेतला. मग म्हणाला, हे ऑगस्टमध्ये करायचं होतंस, दादा. आणि माझी बॅग उचलून गाडीपर्यंत आणून दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
बायकोने गुडघ्याला बर्फ लावला. तेवढ्यात सासऱ्यांचा फोन. खेळवलं का?
म्हटलं, हो, खेळलो.
त्यांना आनंद झाला. विचारलं, कोणाविरुद्ध?
म्हटलं, आपल्याच टीमविरुद्ध. वर्षभर.