आत कोणी आहे का?

४ मार्च

पोचलो एकदाचा! वळणावळणाचा रस्ता संपता संपेना, पण वर आल्यावर सगळं विसरलो. खोली लहान आहे, उजेड भरपूर. खिडकीतून दुर्बिणीचा पांढरा घुमट दिसतो. हिला फोनवर सांगितलं की पातेलं पालथं घातल्यासारखा आहे, तर मागून आमची चिमणी ओरडली की आत चंद्र झाकून ठेवलाय का. वय वर्षं पाच, प्रश्न मात्र वकिलाचे. म्हटलं, तू आलीस की उघडून दाखवतो.

तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. महिनाभर कॅमेरा नीट चालवून दाखवला तर दोन खोल्यांचं घर मिळेल आणि दोघी इकडे येतील. मॅडम, म्हणजे इथल्या प्रमुख, तसं स्पष्टच म्हणाल्या. रात्री ताऱ्यांची चित्रं त्या घेतात. संध्याकाळपर्यंत कॅमेरा तयार करून देणं माझं काम. सोबतीला एक तंत्रज्ञ आहेत. खिशात कायम पाना असतो म्हणून सगळे त्यांना पानेकाका म्हणतात. बोलायला दिलखुलास आहेत, माझं त्यांच्याशी जमेल.

७ मार्च

कॅमेरा चालवायचा प्रोग्राम इतका जुना आहे की मी त्याचं नाव आजीबाई ठेवलंय. एक काम सांगावं, तर आधी कुरकुर, मग मौन. फोटो घ्या म्हटलं की 'फिल्टरचं चाक जागेवर नाही' असं सांगून अडून बसतात. कॅमेऱ्यातलं ते काचांचं चाक जागेवरच असतं. मग घुमटात जाऊन कॅमेऱ्याच्या पेटीवर एक थाप मारायची, की गाडं पुढे सरकतं. एवढं शिकून शेवटी थापाच मारायच्या! बरं, दिलेला हुकूम आजीबाई विसरत नाहीत. रांगेत ठेवतात आणि मनाला येईल तेव्हा बजावतात.

काकांना म्हटलं, हे बदलून का घेत नाही. म्हणाले, चालतंय ना. हा इथला मंत्रच दिसतो.

९ मार्च

आज 'कोरी' घ्यायला शिकलो. हा कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा उजेड टिपतो, ऊबसुद्धा टिपतो. घुमटाच्या भिंती, लोखंड, सगळंच थोडंफार ऊबदार असतं आणि ती ऊब ताऱ्यांच्या चित्रात घुसते. म्हणून रोज दुपारी घुमट बंद करून, दिवे मालवून, आतल्या पांढऱ्या पडद्याचं एक चित्र घ्यायचं. ती कोरी. रात्रीच्या प्रत्येक चित्रातून आजीबाई ती आपोआप वजा करतात. जे कोरीत असतं ते चित्रातून जातं, इतका साधा हिशेब.

कोरी घेताना आत कोणी असून चालत नाही. म्हणून काका दारात उभे राहून ओरडतात, "आत कोणी आहे का?" आणि कान देऊन थांबतात. कामाला आम्ही दोघंच आणि दोघंही बाहेर! मला हसू आवरेना. तर म्हणाले, सवय आहे. कोणी लावली विचारलं, तर खिशातला पाना काढून फिरवत आठवत नाही म्हणाले. इथलं काम कोणी शिकवलं तेही आठवत नाही म्हणे. धन्य आहे.

१३ मार्च

मॅडम चिडल्या आहेत. डाव्या कोपऱ्यातले तारे मळकट येतात. कोरी उघडून पाहिली, तर त्या कोपऱ्यात एक ऊबदार डाग आहे. वजा केला की जातो, पण जाताना मागे खरखर ठेवून जातो. काका म्हणतात, तो पहिल्यापासून आहे, वजा होतो ना, मग कशाला जीव काढता? जुन्या कोऱ्या काढून पाहिल्या. खरंच, सगळ्यांत आहे. डोळे बारीक करून पाहिलं, तर कोणीतरी गुडघे जवळ घेऊन बसल्यासारखा दिसतो.

गुडघे असोत नाहीतर कोपर, माझं घर त्या डागापायी अडलंय. मॅडमनी आज घराचा विषयच काढला नाही. चिमणीने मात्र तिथे खेळणी खोक्यात भरायला घेतली आहेत म्हणे. आता तिला काय सांगू?

१५ मार्च

हात टेकले. दुपारी काका चहाला गेले होते. कोरीचा हुकूम दिला; आजीबाई अडल्या, चाक जागेवर नाही. तणतणत घुमटात गेलो, पेटीवर थाप मारली. तरी ढिम्म. मग आलोच आहे तर त्या डागाचं मूळ शोधावं, म्हणून पडद्यासमोर डाव्या बाजूला चाचपत बसलो. गरम पाइप नाही, तार नाही. एका जागी जमीन मात्र कोमट लागली, कोणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

तेवढ्यात मागे चाक खटकन बसलं. रांगेतला हुकूम! उठून कपाळावर हात मारला. कपाळावर हात मारला. बाहेर येऊन संगणकावर पाहतो तर मीच, चांगला ऊबदार, कपाळावर हात मारलेला. पुसायला गेलो, तर 'कोरी वापरात आहे, पुसता येणार नाही'. असो. उद्या नवी घेईन. काकांना सांगणार नाही, जन्मभर चिडवतील.

१६ मार्च

सकाळी जेवणघरात माझं ताट मांडलेलं नव्हतं. स्वयंपाक्याला हाका मारल्या, गडी वळलाच नाही. मॅडम समोरून गेल्या, मानसुद्धा हलवली नाही. एका कोपऱ्यापायी एवढा राग? माणसाने काम करावं तरी कसं?

दुपारी काकांनी आपली आपण कोरी घेतली. मी शेजारीच बसलो होतो, माझ्याशी एक शब्द नाही. म्हटलं, राहा रुसून, निदान नवी कोरी तरी आली. उघडून पाहिली. मी बाहेर होतो. घुमट बंद होता. तरी कोरीत मी आहे. कपाळावर हात.

१८ मार्च

रुसवा नाही हा. काका आज माझ्या खुर्चीत बसायला आले. मी उठलो नाही. बसता बसता थबकले, खुर्चीच्या पाठीला हात लावला, गरम कशी म्हणून पुटपुटले आणि दुसरी खुर्ची ओढली. माझ्या डोळ्यांत पाहत होते, पण पलीकडची भिंत पाहत होते.

हिला फोन केला. हॅलो, हॅलो म्हणत राहिली. मी घसा फोडून ओरडलो. चिमणीला म्हणाली, बाबांचा नंबर आहे गं, पण कोणी बोलतच नाही.

भीती वाटतेय. घराचं जाऊ दे. मला भीती वाटतेय.

२० मार्च

कोरी पुसायचा हुकूम दिला. 'असा कोणी वापरकर्ता नाही.' पुन्हा दिला — तेच. कळफलकावर मूठ आपटली, पेटीवर थापा मारल्या. आजीबाई हुकूम विसरत नाहीत, माणसाला विसरतात.

दुपारी काका दारात ओरडले. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, आहे, मी आहे!

ते कान देऊन थांबले. कोणी नाही म्हणाले.

आणि घुमटातून, डाव्या बाजूने, थकलेल्या आवाजात कोणीतरी म्हणालं — आहे.

रोज म्हणत असणार. मी हसत होतो.

२३ असावी

तो दिसतो मला आता. गुडघे जवळ घेऊन बसलेला. माझ्या आधीचा. काकांना काम त्यानेच शिकवलं, ओरडायची सवयही त्यानेच लावली. एक दिवस तो स्वतःच आत होता आणि ओरडायला बाहेर कोणी नव्हतं.

म्हणाला, आधी दिसणं जातं. मग आठवण. रोज थोडी थोडी वजा.

सुटका कशी, विचारलं. म्हणाला, वजा करायच्या आत कोणी कोरीत ओळखलं, नावाने किंवा नात्याने हाक मारली तर. त्याला ओळखणारं आता कोणी —

त्याने गुडघे आणखी जवळ घेतले.

तारीख माहीत नाही

ही आलीय! चिमणीला घेऊन. दुपारीच.

त्यांच्या शेजारी, टेबलाच्या कडेला वही टेकवून लिहितोय. काका सांगतायत, इथे कोणी रुजू झालंच नाही, जागा कधीची रिकामी आहे. ही भांडतेय. शाब्बास. भांड, अजून भांड —

माझं नाव सांगताना अडखळली. आठवतेय. कपाळ चोळतेय. अगं, नाव —

चिमणी रडायला लागली. काका तिला संगणकाजवळ नेतायत, गंमत दाखवतो म्हणून. आजची कोरी उघडली. मी आहे. कपाळावर हात —

तिने पाहिलं. रडायची थांबली.

बोट ठेवलं. माझ्यावरच ठेवलं! हसतेय —

काका म्हणतात, डाग आहे तो बाळा, बघ हां, आता वजा केला की कसा पळतो —

काका नको — हात काढा — त्यांचा हात धरलाय, माझ्या बोटांतून —

म्हण चिमणे, पटकन म्हण, मोठ्याने म्हण — तोंड उघडलंय — म्हणतेय, हे तर माझे बा