काचेपलीकडचा चौथा

सिस्टर अर्नेटा, माझा लिंबाचा केक तुम्ही झाकण न उघडता परत पाठवलात. सहा अंडी घातली होती त्यात. राग आहे तर माझ्यावर काढा, केकनं काय केलंय?

इंडियाना, ३ ऑक्टोबर १९७४, गुरुवार

आता नमस्कार. तुमचे गुडघे बरे असतील. माझे नाहीत. आमच्या चर्चच्या छपराची गळती थांबली, पाद्रीबुवांचं प्रवचन मात्र थांबत नाही.

तुमच्या पोराला, रोनेलला मी पोलीस ठाण्यात चोर म्हणून ओळखलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. कसं ओळखलं, ते कुणालाच ठाऊक नाही.

चोरानं पिस्तूल दाखवून माझी पर्स हिसकावली, त्याच झटापटीत माझा चष्मा फुटला. ठाण्यात गेले तेव्हाही डोळ्यांवर नव्हता. काचेपलीकडे ओळखपरेडीला सहा मुलं रांगेत. त्यातला एक ओरडला, "माझा वकील येऊ दे, मग उभा राहतो!"

माझ्याशेजारचा पोलीस साहेब हसला. "अजून आरोप ठेवला नाही, आजी. आरोप नाही तर वकीलही नाही. आरोप उद्या ठेवू."

"मग मी उद्याच येते की."

"दुखतंय कुठं? आलाच आहात तर उरका."

मी नजर फिरवली. चौथ्यापाशी थबकले. चेहरा ओळखीचा वाटला. "चौथाच ना? शाब्बास!" साहेब म्हणाला. माझं हो त्याच्यानंतर आलं. खोलीत तो, त्याचा लिहिणारा आणि मी. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

सोमवारी नवा चष्मा आला. शेगडीच्या वर भिंतीवर तुमच्या चर्चचं कॅलेंडर टांगलंय, तरुणांच्या गायनमंडळाचा फोटो असलेलं. वाफेनं काच धुरकटते म्हणून स्वयंपाक करताना मी चष्मा काढते. परवा काढला नाही. मागच्या रांगेत रोनेल, गाताना तोंड उघडं. जानेवारीपासून ज्याच्याकडे अंधुक डोळ्यांनी बघत भाजी ढवळली, त्याच्याकडेच मी बोट दाखवलं. चोराचा चेहरा मला आठवत नाही, सिस्टर. त्या दिवशीही आठवत नव्हता.

हे साहेबाला जाऊन सांगितलं. काल तो घरी आला. तुम्ही परत केलेला केक खाल्ला, दोन तुकडे. म्हणाला, "सही तुमची आहे, आजी. जबानी फिरवणाऱ्या म्हाताऱ्यांनाही कोठडी असते." मग सुरी धुऊन जागेवर ठेवली. सुरीची जागा मी त्याला दाखवली नव्हती.

तेव्हापासून समोर एक गाडी उभी आहे. आताही आहे.

येत्या सोमवारी कोर्टात मला पुन्हा बोट दाखवायला सांगतील. नाही दाखवणार. पंधरा वर्षांची कैद म्हणजे पोरगं म्हातारं होऊन येईल. पण सोमवारपर्यंत माझं काही झालं, तर बोलायला हा कागद हवा, म्हणून खाली सही करते. कॅलेंडरही सोबत आहे. पोस्टावर विश्वास नाही. माझी बहीण फ्लोसी दोन्ही तिच्या चर्चच्या टोपीच्या अस्तरात घालून आणेल. तिला बसवून घेऊ नका, फार बोलते.

माफी तुमच्याकडे मागत नाही. ती ज्याची त्याच्याकडे मागेन.

तुम्ही उत्तर लिहू नका. रोनेलनं तर नाहीच. त्याच्या वकिलानं द्यावं, शनिवारच्या आत, स्वतः येऊन, दिवसाउजेडी, पुढच्या दारानं, त्या गाडीसमोरून. त्या दिवशी ठाण्यात त्याला येऊ दिलं नाही. आता तरी यावं म्हणावं.

वेल्मा टगल,
जिनं बोट दाखवलं