पाहणाऱ्याचं नाव

नाशिक,
रविवार, दुपार

प्रिय स्नेहा,

सप्रेम जयभीम.

कागदावर लिहिलेलं पत्र बघून तुला हसू येईल. शाळेत तुझे निबंध मी लिहून द्यायचे आणि बाई अक्षर ओळखून तुलाच ओरडायच्या. ते अक्षर आता पार बिघडलंय, सांभाळून घे. फोनवर लिहिता आलं असतं, पण तुझा फोन हल्ली आधी आयुषराव बघतात असं आई म्हणाली, म्हणून हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर, ओझरला पाठवतेय. हा पत्ता मला आधीपासून माहीत होता. आमच्या साइटवरून काढलेला नाही. हे मुद्दाम का सांगावं लागतंय, ते पुढे कळेल.

तुझी तक्रार आमच्या संस्थेत पोचली. पोचली त्याच दिवशी, तू पाहुणी म्हणून राहिलीस ते पेठच्या लंकाबाईंचं घर आमच्या साइटवरच्या पाहुणेघरांच्या यादीतून उतरवलं. चौकशी होईपर्यंत तिथे पाहुणे पाठवायचे नाहीत, असा आमचा नियम आहे. तू लिहिलंस की तुझा ठावठिकाणा फक्त त्या घरच्यांना माहीत होता, तेव्हा त्यांनीच तो फोडला असणार. तुझ्या जागी मीही हेच लिहिलं असतं. पण त्या बाईने कोणालाही काही सांगितलेलं नाही. मला याची पक्की खात्री आहे. ती कशी, हे एका ओळीत सांगता येण्यासारखं आहे, पण ती ओळ लिहायला हात उचलत नाहीये. म्हणून जरा लांबून येते.

लंकाबाईंना साहेबांनी ऑफिसात बोलावलं होतं. बिचारी सकाळच्या पहिल्या एसटीने आली. एसीच्या गार हवेने अंग चोरून खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, पदर कानावरून घट्ट लपेटून. साहेब विचारत होते आणि तिचं म्हणणं लिहून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. ती एकच सांगत राहिली, "म्या नाय सांगलं कोनाला. कोनाला सांगनार? ती पोरगी आली ती झोपलीच. म्या जेवायलाबी उठवली नाय दोन डाव. म्हटलं, लय दमून आलीये, निजू दे." साहेबांनी विचारलं, मग तिच्या घरच्यांना कळलं कसं? ती माझ्याकडे बघायला लागली, जणू मी बाई आहे तर मी तिच्या बाजूने काहीतरी बोलेन. मी खाली मान घालून लिहीत होते. निघताना मला जिन्यापाशी गाठून तिने विचारलं, "ती बरी हाय का आता? नेताना लय रडत व्हती." स्वतःच्या घरावर फुली बसलीय आणि ही तुझी चौकशी करतेय. मी म्हटलं, बरी आहे. तेही मला कुठे माहीत होतं!

तुला आठवतं, आईकडे जेवताना मी तुम्हाला आमच्या साइटवरचं ते पान वाचून दाखवलं होतं? लोकांची खाजगी माहिती जपण्याचा नवा कायदा आला, तेव्हा पाहुण्यांच्या माहितीचं काय करायचं याची जबाबदारी संस्थेने माझ्यावर टाकली. इंग्रजीतलं ते पान वकिलाने लिहिलं, पण मराठीतलं मी लिहिलं, आणि मला त्याचा कोण अभिमान! 'तुमची माहिती तुमचीच आहे. आम्ही ती फक्त सांभाळतो. कामाशिवाय ती कोणी उघडणार नाही, आणि कोणी उघडली हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.' आई म्हणाली, आधी वरण वाढ. तू मात्र खोदून खोदून विचारलंस. म्हणजे तू बसल्या जागेवरून कोणाचंही बघू शकत नाहीस का, ताई? मी भाव खात सांगितलं, की नाव, नंबर सगळं झाकलेलं असतं, उघडायचं तर कारण द्यावं लागतं, आणि कोणी कधी उघडलं याची नोंद कायमची राहते. तू म्हणालीस, भारी आहे की. मला वाटलं, माझं कौतुक करतेयस. तू तेव्हा स्वतःसाठी एक सुरक्षित जागा शोधत होतीस, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आता ती सकाळ. रोज त्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांची यादी माझ्यासमोर येते. त्यात नावाची फक्त पहिली अक्षरं, गाव आणि कुठे उतरणार, एवढंच. पेठच्या घरापुढे 'स्ने', गाव ओझर, एकटीच बाई. ओझरला काय एकच स्नेहा राहते? पण मला आतून कळलं होतं. नणंद सासूबाईंजवळ राहायला आलीय आणि तू ट्रेनिंगसाठी पुण्याला चाललीयस, हे आईने आदल्याच दिवशी सांगितलेलं. मी चहा प्यायले. एका हॉटेलवाल्याचा फोन घेतला. मग परत येऊन तुझ्या नावावर बोट ठेवलं. कारण विचारणारी चौकट आली. त्यात ठरलेली कारणं असतात, त्यातलं एक निवडायचं. मी निवडलं, 'पाहुण्याला मदत'.

हो स्नेहा, मीच. लंकाबाई नाही, शेजारीपाजारी नाही, कोणी हॅकर नाही. तुझी सख्खी बहीण.

बघून गप्प बसले असते तरी तू वाचली असतीस. संध्याकाळी आईचा फोन आला. ती नेहमीसारखी तुझं कौतुक सांगत होती. सासू अंथरुणाला खिळलेली, रात्री उठून उठून तिला कुशीवर वळवायचं, सकाळी कारखान्याची बस पकडायची, वर आता ट्रेनिंग. पोरगी निभावते हो सगळं. माझा घटस्फोट झाल्यापासून आईच्या तोंडी हे निभावणं फार येतं. ती मला टोमणा मारते असं नाही, ती भोळी आहे. पण मला तो लागतोच. तिचं बोलणं पुरतं संपायच्या आत मी म्हटलं, "तुझी लेक पुण्यात नाहीये. पेठला आहे. ट्रेनिंगबिनिंग काही नाही." कोणाच्या घरी उतरलीस, तेसुद्धा सांगितलं. आणि खोटं कशाला बोलू, सांगताना मला बरं वाटलं. क्षणभरच, पण छान गोड वाटलं. कधी नव्हे ते तुझ्यात काहीतरी खोट सापडली होती. मनात काय आलं असेल ते तुला कळतंच आहे. माझ्याही मनात एक पुरुष आला. नवऱ्याला फसवून एकटी बाई डोंगरात जाते म्हणजे दुसरं काय, असं मी, तुझी बहीण, जिच्याबद्दल लोकांनी हेच बोलून बोलून तिचं जगणं नकोसं केलं होतं, ती मी समजून बसले.

पुढचं मला मामाकडून कळलं. आईने घाबरून कारभारीमामाला फोन केला, मामाने दुसऱ्या दिवशी आयुषरावांना गाडीत घातलं आणि दोघे तिथे जाऊन थडकले. दार ढकलून आत गेले तर तू एकटी, गोधडीत, दिवसाउजेडी गाढ झोपलेली. मामा सांगत होता, "अगं, हाका मारल्या तरी उठेना, आम्ही घाबरलोच." तो ते हसत हसत सांगत होता. मी फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. तू कोणासाठी गेली नव्हतीस. तू झोपायला गेली होतीस. रात्री कोणी हाक मारणार नाही, अशा एका खोलीसाठी तुला एवढं खोटं बोलावं लागलं. आणि तीही खोली मी तुला पुरी मिळू दिली नाही.

आता ऑफिस सुटलं की तू आयुषरावांना लोकेशन पाठवतेस. बाजारात गेलीस तरी पाठवतेस. तूही आईला हे हसतच सांगितलंस म्हणे. तुला हे कुठपर्यंत पोचवलं मी, त्याचा विचार आला की अन्न गोड लागत नाही. जगभरच्या पाहुण्यांना मी लिहून देते, की तुम्ही कुठे आहात हे तुमच्या परवानगीशिवाय कोणाला कळणार नाही, आणि माझ्या बहिणीला भाजी घ्यायला जातानाही पत्ता द्यावा लागतो.

हे सगळं कळल्यावर तरी लगेच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. आई मला म्हणाली, "तुझं नाव नाही घेतलं मी. तुम्हा दोघींत वितुष्ट नको." मामालाही तिने सांगून ठेवलं. तेव्हा मला हायसं वाटलं. तुझी तक्रार आली आणि तिच्यात लंकाबाईंचं नाव दिसलं, तेव्हाही आधी हायसं वाटलं आणि मग लाज वाटली. या क्रमाचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. त्या बाईचं म्हणणं मी माझ्या हाताने लिहून घेतलं, तिची सही घेतली, आणि तरीही गप्प राहिले. साहेब म्हणाले, गावची माणसं, बोलून जातात कुठेतरी. मी मान हलवली. चुकून नाही हलली, हलवली.

मला तुझ्या शेवटच्या ओळीने पकडलं. तक्रारीच्या तळाशी तू लिहिलं होतंस, की संस्थेकडे माझी काय काय माहिती आहे आणि ती कोणी पाहिली, हे मला कळावं. मी वाचून दाखवलेल्या त्या पानावरूनच घेतलंस ना हे? मला वाटतं, आजवर ते पान मनापासून वाचलेली तू एकटीच.

शुक्रवारी मी साहेबांना सगळं सांगितलं, लेखीही दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही?" लंकाबाईंचं घर साइटवर परत आलं आहे. त्यांची माफी मागायला मी पेठला जाणार आहे. माझ्या नोकरीचं काय ते नंतर ठरेल, पण पाहुण्यांची माहिती आता माझ्याकडून काढून घेतली, आणि ते योग्यच झालं. तुझ्या तक्रारीला उत्तर पाठवणं हे माझं शेवटचं काम होतं. ते येत्या आठवड्याअखेर तुझ्या हाती पडेल. त्यात लिहिलेलं असेल : माहिती उघडणारी व्यक्ती, संजना. कारण, पाहुण्याला मदत. हे तुला सरकारी भाषेत कळण्याआधी माझ्या तोंडून कळावं म्हणून हे पत्र. पण अजून एक आहे. उत्तरासोबत तुझी सगळी माहिती जोडायची होती, म्हणून शुक्रवारी ती पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. त्या सकाळी तुझं नाव दिसल्यावर मी घाईघाईने ती बंद केली होती. अगदी खाली एक रकाना असतो, अडचण आल्यास कोणाला कळवावं. तिथे तू आयुषरावांचा नंबर दिलेला नाहीस, आईचाही नाही. माझा दिलास. नातं, ताई. स्नेहा, तो रकाना बदलायचा तुला हक्क आहे. एक विनंती पाठवलीस की नाव निघून जाईल, कारण विचारणार नाहीत. आता ते काम करणारी मी नाही, त्यामुळे तू माझं नाव ठेवलंस की काढलंस, हे मला कधीच कळणार नाही. तू सांगितलंस तरच. आणि ते तसंच असायला हवं.

तुझीच म्हणायला आज जीभ रेटत नाही,
ताई