भगवानची आय

खारघरच्या हापिसातले साहेब,

मी मस्कतवरून लिहितो. माझी आय सखूबाई लग्नांत धवला गाते. तिचं गाणं रेडिओवर वाजतं, त्याचे पैसे तुमच्याकडं पडून हायेत, कारण यादीत गाणारीचं नाव 'भगवानची आय' हाय. रेकॉर्डिंगच्या कागदावर मीच तसं लिहिलं. आमच्या गावात, रोडपालीत, तिला सगळे तेच म्हणतात.

काल ती भर उन्हात आली, तुमच्यापुढं गायली. तुमी हसून म्हणालात, "मावशी, आवाजाला आधारकार्ड नसतं." किळस आली मला तुमची. माझ्या अक्षराचीपण.

घरी जाऊन तिनं फोनवर विचारलं, "मी तुजी आय नाय का रं?"

पत्र टाकत नाय. टाकलं तर पुढच्या येळी तिला दारातूनच हाकलाल.

तिचाच,
भगवान