शनिवारपर्यंत सांगायचं

६ जानेवारी १९९७, मंडावा

पोचलो एकदाचे! झुंझुनूपासूनची बस आपल्या एसटीसारखीच खडखडणारी. दोन्ही बाजूंना वाळू. मधूनच खेजडीची झाडं – जनावरांसाठी पाला छाटून नेलेला, नुसती खोडं उभी. नीरजा खिडकी सोडायला तयार नव्हती. मी शाल गुंडाळून बसलो. पुण्यात आपण थंडी कशाला म्हणतो कोण जाणे.

इथल्या जुन्या हवेल्यांवरची भित्तिचित्रं साफ करून जपण्याचं काम तिला देऊ केलंय. दोन वर्षं इथे राहायचं, शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून. हो की नाही ते शनिवारपर्यंत सांगायचं. आधी मुलूख तर बघू, म्हणून हा प्रवास. गाडीतच मी तिला सांगून टाकलं, "निर्णय तुझा. मी मध्ये पडणार नाही." ती "बरं" म्हणाली.

७ जानेवारी

काम काढणारे श्यामसुंदरजी भेटले. घराणं इथलं, व्यापार कलकत्त्यात. त्यांच्या हवेलीच्या भिंतीवर आगगाडी आहे. चितारणाऱ्याने गाडी पाहिलेलीच नव्हती म्हणे, ऐकून काढली! डब्यांना घरासारखे छज्जे, धूर वेलबुट्टीसारखा. नीरजा शिडीवर चढली ती उतरेना. खाली आली तेव्हा नाकाला चुना. "अहो, या निळ्याखाली आणखी एक निळा आहे!"

इतकी खूष तिला याआधी कधी पाहिली होती? आठवेना. ती नव्हती, की माझंच लक्ष नव्हतं?

८ जानेवारी, फतेहपूर

वारा. डोळ्यांत वाळू. हवेल्यांना कुलपं, मालक दूर शहरांत. 

९ जानेवारी

आज रामगढ. सोबत श्यामसुंदरजी आणि त्यांच्या आई. वाटेत टपरीवर मी विचारलं, "माँजी, चाय लेंगी?" "ना बेटा." मग मी तीनच सांगितले. आम्ही प्यायलो, त्या बघत बसल्या.

जीपमध्ये नीरजा मराठीत कडाडली, "अहो, एकदा विचारून कुणी थांबतं का? इथे आग्रह करतात. पहिल्यांदा त्या नाहीच म्हणणार!"

"नको म्हणजे नको. पुण्यात –"

"पुण्यात पाहुणा आपल्या घरी जाऊन चहा पितो!"

श्यामसुंदरजींना काय कळलं देव जाणे, पण हसले. जेवताना माँजींनी उट्टं काढलं. मी ताटावर हात धरला तर बोटांवरूनच तुपाची धार! "पूनावाले इतनाही खाते हैं? चिडिया भी शरमा जाए." बाजरीच्या भाकरी पोटात दगडासारख्या बसल्यात.

समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवणं म्हणजे सभ्यता, असं मी मानत आलो. की तेवढ्यावर आपली सुटका होते म्हणून?

१० जानेवारी

एका जुन्या समाधीच्या छत्रीच्या पायरीवर ऊन खात बसलो होतो. समोर चार मिनार असलेली विहीर, आत पाणी नाही. नीरजाने विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"तुला वाटेल ते."

"माझं नाही विचारलं."

"मी काही बोललो तर तुझ्यावर दडपण येईल."

ती रुमालाने चष्मा पुसत राहिली. 

मला काय वाटतं? धायरीचं घर, संध्याकाळी कुलूप काढून आत जायचं आणि आत कुणी नाही. हे सांगणं म्हणजे तिच्या पायात खोडा. नाही सांगितलं, बरं केलं. बरं केलं ना?

११ जानेवारी, शनिवार

हो म्हणाली. काम लगेच सुरू, म्हणून ती इथेच थांबणार; शाळेचा राजीनामा मी नेऊन द्यायचा.

श्यामसुंदरजींनी पेढे मागवले. मला म्हणाले, "आप जैसे पति कहाँ मिलते हैं!" मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू – फार बरं वाटलं. नीरजा पेढा हातात धरून बसली होती.

१३ जानेवारी, गाडीत

झुंझुनूला ती पोचवायला आली होती. मी खिडकीतून म्हणालो, "स्वेटर घालत जा."

ती म्हणाली, "राहिले तर मी असतेच. पण तुम्ही एकदा तरी 'नको राहूस' म्हणायला हवं होतं."