तोकुजीच्या हातचं

३ मार्च. बर्फ. वारा नाही.

आज पुन्हा खाल्लं तिनं! वाटीभर. गाईचा चीक फाडून केलेलं तोफू, वर सोयासॉसचे चार थेंब — आणि वाटी बोटानं पुसून घेतली. मी सकाळी केलेली पेज तशीच पडून.

जानेवारीत पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून फुसाए अन्न पाहिलं की मान फिरवते. वजन सदतीस किलो. छत्तीसच्या खाली गेलं तर पुन्हा दाखल करू, असं इस्पितळात सांगितलंय. "मला त्या खाटेवर परत नेऊ नका हो," एवढंच म्हणते.

म्हणजे तिनं खाल्लं याचा मला आनंद व्हायला हवा. होतोही. पण शेजारच्या तोकुजीच्याच हातचं का?

५ मार्च. ऊन.

तोकुजीच्या गोठ्यात सध्या गाई व्यायल्यात. पहिले पाच दिवस दूध डेअरी घेत नाही, म्हणून वासरांचं भागलं की चीक उरतो. आमच्याकडेही चाळीस गाई होत्या. तीन हिवाळ्यांपूर्वी विकल्या. आता गोठ्यात फक्त चिमण्या.

आज तो फडक्यात बांधलेला डबा घेऊन, बुटांचं बर्फ न झटकताच आत आला. "काय फुसाए! आज गालांवर रंग दिसतोय!" आणि ती हसली. नवीन वर्षापासून माझ्यासमोर एकदाही हसलेली नाही!

शाळेतही असंच होतं. आमची एकशिक्षकी शाळा, मध्ये शेगडी. ओनोदेरा गुरुजी कविता म्हणायला उभं करायचे. मी डोळे मिटून शेवटपर्यंत म्हणायचो. तोकुजी तिसऱ्या ओळीला अडायचा — दर वेळी तिसरी! — आणि मागच्या बाकावरून फुसाए त्याला हळूच ओळ सांगायची. मला कधी सांगितली नाही. मी अडलोच नाही कधी.

सत्तर वर्षं होत आली. तरी विसरलेलो नाही.

८ मार्च.

तोकुजी आला नाही. बरं वाटलं. फुसाएनं दिवसभर काही खाल्लं नाही. मग बरं वाटलं नाही.

११ मार्च. वाऱ्यानं कुंपण पडलं.

माझा डबा आला! मासिकातली जाहिरात पाहून मागवला होता. न्यूझीलंडच्या गाईंच्या चिकाची पावडर. चष्मा पुसून सगळं वाचलं. शंभर ग्रॅममध्ये साठ ग्रॅम प्रथिनं, त्यातली वीस-बावीस ग्रॅम प्रतिपिंडं. स्निग्धांश जवळजवळ काढून टाकलेला. लॅक्टोफेरिन का काहीतरी, वेगळं. आणि खाली — लाल शाईनं अधोरेखित केलं मी — "प्रतिपिंडं उष्णतेनं नष्ट होतात, म्हणून मंद तापमानावर सुकवलेली."

म्हणजे तोकुजी रोज उकळून उकळून काय आणतो? मेलेला चीक! सगळा जीव पातेल्यातच संपलेला! जिवंत आहे तो माझ्या डब्यात.

वाचून इतकं हलकं वाटलं की तीन ओळी सुचल्या:

पिवळा चीक —
गोठ्याच्या खिडकीत
रेंगाळे ऊन

गुरुजींना आवडल्या असत्या.

१२ मार्च.

कोमट पाण्यात चमचाभर पावडर ढवळून दिली. एक घोट घेतला. "खडू विरघळवलाय का हो?" म्हणाली. डबा फडताळात मागे ठेवला.

१४ मार्च.

इस्पितळ. वजन छत्तीस किलो सहाशे.

आहाराचं बघणारी नामिकावाबाई — पोरसवदाच आहे — तिच्यापुढे मी डबाच ठेवला. अधोरेखित केलेलं दाखवलं. तिनं शांतपणे वाचलं.

"आजोबा, ही प्रतिपिंडं वासरासाठी. त्यालाही पहिल्याच दिवशी आतड्यातून घेता येतात, नंतर ते दार बंद होतं. आजींच्या पोटात बहुतेक पचूनच जाणार."

"पण उकळलेल्यापेक्षा तरी चांगलं ना?"

"एका चमच्यात किती? तीन ग्रॅम. म्हणजे प्रथिनं दोन ग्रॅमही नाहीत. ते शेजारचे काका आणतात त्याच्या वाटीभरात पंधरा तरी असतील. शिवाय स्निग्धांश. आजींना आत्ता तेच हवंय." मग हसून म्हणाली, "काकांना सांगा, चालू ठेवा!"

काका! तो माझ्याहून चार महिन्यांनी मोठा आहे!

१७ मार्च. छपरावरून बर्फ घसरतंय.

तोकुजीकडे गेलो. भांडायला की आभार मानायला, ते वाटेत ठरवणार होतो. ठरलं नाही.

तो चुलीपाशी होता. दुसऱ्या दिवसाचा चीक मंद आचेवर. उकळी फुटायच्या आत व्हिनेगर, थेंब थेंब. डाव पातेल्याच्या काठावर दोनदा आपटला, मग फडकं उलट्या बाजूनं पिळलं. मी बघतच राहिलो. ही तर आमच्या घरची रीत!

"हे तुला कुणी शिकवलं?"

"तुझ्या बायकोनं. आमची कियो मला एकटा टाकून गेली त्या हिवाळ्यात. मला साधा भात येत नव्हता रे. आठवडाभर तुमच्याकडे येऊन शिकलो."

"आमच्या स्वयंपाकघरात? मी कुठे होतो?"

"तू पलीकडच्या खोलीत कविता जुळवत होतास." डाव माझ्याकडे रोखून म्हणाला, "बावन्न वर्षं समोर बसून खाल्लंस. कधी उठून आत डोकावलास?"

राग आला. पण आठवलं — खोलीत बसून तिचं ते काठावर आपटणं ऐकायचो आणि मात्रा मोजायचो. तेवढंच.

आज इतकी जळफळ होतेय की अक्षर वाकडं येतंय. तिच्या हाताची चव त्याच्याकडे गेली. त्यानं मागितली म्हणून गेली. ती खाते ते स्वतःच्याच हातचं!

"मला थोडा चीक दे," म्हणालो.

"नासवशील."

"नासवायचाच तर असतो!"

पहिल्यांदाच आम्ही दोघं एकदम हसलो. उद्यासाठी ठेवलेला बरणीभर दिला.

१८ मार्च.

केलं. खाली लागलं. तरी वरचं वरचं काढून, वाटी सजवून नेली आणि अभिमानानं सांगितलं — "मी केलंय!"

एक घास घेतला तिनं. "छान झालंय हो." आणि चमचा खाली ठेवला. पुन्हा उचलला नाही. माझं मन राखलं. पोट रिकामं राखलं.

२० मार्च.

घरच्या काट्यावर छत्तीस दोनशे. तोकुजीकडे गेलो. आज न भांडता बाजूला उभा राहिलो. त्यानं डाव माझ्या हातात दिला. "घाई नको. आणि तोंडानं काही म्हणत बसू नकोस, ते फाटतं कधी तेवढं बघ." तीनदा केलं. तिसरं बरं जमलं.

२१ मार्च.

छत्तीस शंभर.

२२ मार्च. ऊन. छपराचं पाणी टपकतंय.

एकट्यानं केलं. तोकुजीच्या डब्यात भरलं, त्याच्याच फडक्यात बांधलं आणि काही न बोलता तिच्यासमोर सोडून वाटीत वाढलं.

सगळं खाल्लं. वाटी बोटानं पुसली.

"मिठाला आज जरा हात जड पडला तोकुजीचा," म्हणाली. "पण बघा, उरलं नाही."

मी म्हणालो, "सांगतो त्याला."